प्रिय लताबाई, आपली निवड झाली आहे

आमच्या लेकीसाठी, मोहिनीसाठी हळद दळून ठेवली आणि ती तिला लागलीच नाही, ते साल दोन हजार अठरा. लग्न ठरलं होतं माझ्या थोरल्या बहिणीच्या, वत्सलाबाईच्या मुलाशी, राजूशी. मोहिनी पाळण्यात असतानाच मी बहिणीला शब्द दिला होता. हळदीच्या आदल्या दिवशी मोहिनी मनोज नावाच्या मुलाबरोबर निघून गेली. मनोज सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होता. मुलगा वाईट होता असं मला तेव्हाही म्हणता आलं नसतं. पण बहीण अंगणात बसून रडत होती आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

मी घरातून नागलीचं कणीस आणलं, मुठीत धरलं आणि कणसरीची शपथ घेतली, की मोहिनीशी जन्मात तोंडानं बोलणार नाही. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. पेठच्या बाजूच्या आमच्या डोंगरात तिची शपथ सहसा कोणी घेत नाही. घेऊन मोडली तर मोडणाऱ्याला काही होत नाही, त्याच्या घरात रांधणाऱ्या बाईला होतं, असं माझी आई सांगायची. माझी बायको लता तेव्हा चुलीपाशी उभी होती. लोक गेल्यावर म्हणाली, "शपथ घेतली तू, आन टांगली माझ्या मानेवर."

लता मला तूच म्हणायची. आमच्याकडे तशीच रीत आहे.

लग्नापुरते आम्ही गावी गेलो होतो. एरवी आम्ही नाशिकलाच असायचो, गंगापूर रोडला एका सोसायटीत. मी तिथे राखणदार आणि माळी. पाण्याच्या पंपाशेजारची पत्र्याची खोली आमची. मोहिनी तिथेच वाढली, तिथूनच बारावीपर्यंत शाळेत गेली. तिच्या प्रगतिपुस्तकावर मी अंगठा उठवायचो. माझ्या डाव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी जखम आहे, आडवी, खोल. ठसा उमटला की मधोमध पांढरी रेघ राहते. मोहिनी लहान असताना त्या रेघेवर बोट ठेवून म्हणायची, "बा, हा पेठ रोड. आता आपलं गाव कुठं ते दाखव." मी कुठेतरी बोट टेकवायचो. ती म्हणायची, "मागच्या वर्षी तर दुसरीकडं होतं."

ती गेल्यावर घरात वाचू शकणारं कोणी राहिलं नाही.

गेटवर एक वही असायची. येणाऱ्यानं आपलं नाव, कोणाकडे जायचं, वेळ, हे लिहायचं. कोण काय लिहितो ते मला कळायचं नाही. मी नुसता बघून मान हलवायचो. एकदा सेक्रेटरी वही घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "देवराम, रोज चार वाजता हत्ती कोणाकडे येतो?" सोसायटीत शिकवणीला येणाऱ्या एका पोरानं आठ दिवस नावाच्या जागी हत्ती लिहिलं होतं, आणि आठही दिवस मी त्याला हात जोडून आत सोडलं होतं. सेक्रेटरी हसले, मीही हसलो. पण ते मनाला लागलं. त्या वर्षी मी एकसष्ट वर्षांचा होतो.

मागच्या गल्लीत रुखसार राहते. दिवसा शिवणकाम करते. तेव्हा ती शाळेच्या एका खोलीत संध्याकाळी मोठ्या माणसांना शिकवायची. मी तिच्याकडे जायला लागलो. लता एक दिवस आली आणि म्हणाली, "माझे डोळे भाकरीपुरते हायेत. तू शीक, मला वाचून दाखव." मला अक्षरं जुळवायला दीड वर्ष लागलं. पुस्तक संपलं तेव्हा मी रुखसारला विचारलं, "आता काय वाचू?" ती म्हणाली, "काका, जे समोर येईल ते वाचा."

समोर आला फोन. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काचेला तडा गेलेला जुना फोन आम्हाला दिला होता. सिमकार्ड घ्यायला गेलो तर यंत्रानं माझा अंगठा घेतला नाही. जखमेमुळे असेल. दुकानदारानं चार वेळा पुसून बघितला आणि शेवटी लताचा घेतला. म्हणून कार्ड लताच्या नावावर. म्हणून जे काही यायचं ते लताच्या नावानं यायचं.

मी स्वतःच्या बळावर वाचलेला पहिला मेसेज मला पाठ आहे. "प्रिय लताबाई, आपले अभिनंदन! आपली निवड झाली आहे. त्वरित संपर्क साधा." मला तो वाचायला जवळजवळ पाव तास लागला. लता भाकरी थापायची थांबली होती.

"प्रिय म्हंजी?"

"आवडती."

"मी? कोणाची?"

"नाव नाय लिहिलं."

"आन निवड कशात झाली?"

"ते पण नाय."

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "कोणी का असंना. एवढ्या वर्षांत बरं वाटंल असं कोणीतरी बोललं."

दुसऱ्या दिवशी मी रुखसारला दाखवलं. ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. "काका, हे सगळ्यांना येतं. फसवणारे असतात. उत्तर देऊ नका, कशावर बोट दाबू नका, कोणी आकडा विचारला तर सांगू नका." मी घरी येऊन लताला सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्यांनाच निवडलं, तर मग निवडलं कशाला म्हणायचं? धान्य निवडताना कोणी खडे परत सुपात टाकतं का?"

तरी ती रोज विचारायची, "आज कोणाचं आलं?" आणि रोज कोणाचं तरी यायचं. कर्ज मंजूर झालं आहे. आपले पार्सल पत्ता अपूर्ण असल्याने अडकले आहे. आपली वीज आज रात्री साडेनऊला खंडित करण्यात येईल. आमच्या खोलीची वीज सोसायटीची होती, तरी लतानं त्या संध्याकाळी चिमणी घासून, वात घालून तयार ठेवली. साडेनऊ वाजले, दिवा चालूच. ती म्हणाली, "याला वेळ पाळायची अक्कल नाय." आपले केवायसी अपूर्ण आहे, हे तर आठवड्यातून दोनदा यायचं. केवायसी म्हणजे काय ते मला सांगता आलं नाही. मग भाकरी कच्ची राहिली की लता म्हणायची, "हिचं केवायसी अपूर्ण हाय." माझी चप्पल तुटली, तिचं पण केवायसी अपूर्ण.

उत्तर देऊ नका असं रुखसारनं बजावलं होतं, पण लताला ते पटायचं नाही. आमच्या गावात अंगणातून कोणी हाक मारली तर ओ दिल्याशिवाय राहत नाहीत. नको असलेला माणूस असला तरी आधी ओ द्यायची, मग नको म्हणायचं. ती मला सांगायची आणि मी बोटानं एकेक अक्षर शोधून लिहायचो. "आम्हाला कर्ज नको. विचारलं त्याबद्दल बरं वाटलं. तुम्ही कुठले?" बहुतेक वेळा ते जायचंच नाही, परत यायचं. लता म्हणायची, "दारात ओरडतो आन ओ द्यायच्या आत पळतो. कसली जात ही."

एकदा एका बाईचा मेसेज आला. फोटोत गोरी, केस मोकळे. मराठी अशी की कोणत्या भाषेतून ओढून आणलीय कळू नये. "नमस्कार प्रिय, मी एकटी स्त्री आहे. मी तुझ्या हृदयाचा शोध करत आहे. तू मोकळा आहेस काय?" मी वाचताना अडखळलो, लाजही वाटली. लताला नाही वाटली. ती म्हणाली, "लिही. बाई, तू जेवलीस का? एकटी का राहतेस? आई असंल तर तिला फोन कर. ती वाट बघत असंल."

मी लिहिलं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, साध्या मराठीत. "हो काकी जेवले."

लतानं मला ते तीनदा वाचायला लावलं. नंतर तो नंबर बंद झाला. पण कितीतरी दिवस भाकरी वाढताना ती म्हणायची, "ती पोर जेवली असंल का?" ती कोणत्या पोरीबद्दल विचारते आहे, हे मला कळायचं. मी खाली मान घालून जेवायचो.

मी हे मेसेज वहीत उतरवून काढायचो. हात बसावा म्हणून. क्लासच्या पुस्तकातली वाक्यं कोणालाच उद्देशून नव्हती, कमळ फुलले, नदी वाहते. मेसेज मला कोणीतरी लिहिलेले होते. त्यातले शब्द मला आवडायचे. त्वरित. तात्काळ. अन्यथा. आपणास कळविण्यात येते. अंतिम संधी. माणसं खोटी आहेत हे मला समजलं होतं, पण लिहितात तरी चांगलं, असं मला वाटायचं. मला दुसरं कोणी लिहीतच नव्हतं. गावचे लोक फोन करून ओरडून बोलायचे. शिकलेली माणसं एकमेकांना असंच लिहीत असणार, असं मी धरून चाललो.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत, म्हणजे दोन हजार चोवीसच्या, लता करंज्या तळता तळता म्हणाली, "आता तुला लिहिता येतं."

"येतं की."

"मग मोहिनीला लिही."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"शपथ जिभेची हाय. बोटांची नाय."

मी म्हणालो, "लिहू कुठं? पत्ता हाय का, नंबर हाय का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कढईतली करंजी लाल झाली तरी बघत राहिली. मग म्हणाली, "तुझी तयारी असंल तर निघंल कुठून तरी."

मी म्हणालो, "बघू."

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात लता चुलीपाशीच कलंडली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दहा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूत रक्त साचलं आहे, आता घरी न्या, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी तिला खोलीत आणलं. तिला सगळं समजत होतं. डोळे माझ्या मागं मागं फिरायचे. डाव्या हातानं ती कमरेचा बटवा चाचपायची, परत परत. मला वाटलं पान हवंय. मी म्हणालो, "डॉक्टर नको म्हणाले." तिनं बटवा ओढून माझ्या मांडीवर टाकला.

आत सुपारी, अडकित्ता, आणि तळाशी चौकोनी घडी केलेला कागद. घड्या इतक्या जुन्या की उघडताना फाटेल असं वाटलं. त्यावर दहा आकडे होते आणि खाली लिहिलं होतं, "आई, वाटेल तेव्हा. मोहिनी."

कोणाच्या हातून आला, कोणत्या वर्षी आला, ते लता आता सांगू शकत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, तरी तो तिनं जपला होता. माझी तयारी होण्याची ती वाट बघत होती.

जवळची माणसं बोलावून घ्या असं डॉक्टर म्हणाले होते. लताला जवळचं माणूस दुसरं कोण होतं? मोहिनीनं यायला हवं होतं, लता आहे तोवर. लता बोलू शकत नव्हती. मी बोलणार नव्हतो. मी लिहायला बसलो.

मंगळवार होता, चार फेब्रुवारी. मी गेटवरची दुपारची पाळी दुसऱ्या राखणदाराला दिली. आधी वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. एकही चूक राहू नये असं मला वाटत होतं. पोरीनं बघावं की बा शिकला, आणि चांगला शिकला. संध्याकाळपर्यंत फोनवर उतरवून झालं. कागद परत बटव्यात घालून बटवा लताच्या हातात दिला.

"प्रिय मोहिनी, आपणास कळविण्यात येते की आपली आई लताबाई गंभीर आजारी आहे. आपण तात्काळ येणे आवश्यक आहे. ही अंतिम संधी आहे. अन्यथा पुन्हा संधी मिळणार नाही. कृपया या नंबरवर त्वरित संपर्क साधा. आपला विश्वासू, देवराम भोये, वडील."

लताला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, बरं वाटलं तिला. मी पाठवलं. दोन खुणा उमटल्या, म्हणजे पोचलं. बऱ्याच वेळानं त्या निळ्या झाल्या, म्हणजे वाचलं.

सकाळी उत्तर आलं होतं. मला वाटलं, येते म्हणाली असेल. मी लताच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यावर थांबलो.

"माझ्या वडिलांना लिहिता वाचता येत नाही. आणि ते माझ्याशी बोलत नाहीत. लोकांच्या आईच्या नावानं फसवता, लाज वाटते का? परत मेसेज आला तर पोलिसात जाईन."

लता माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "कामात हाय म्हणते. येती म्हणते." सहा वर्षांत पहिल्यांदा पोरीचे शब्द घरात आले आणि ते मी खोटे करून सांगितले.

मी लिहिलं, "मी शिकलो." एकच खूण उमटली. परत लिहिलं, "तुझी आई खरंच आजारी आहे." एकच खूण. मी फोन घेऊन रुखसारकडे गेलो. ती शिवणयंत्रावर होती. तिनं बघितलं आणि म्हणाली, "काका, तिनं तुमचा नंबर बंद केलाय. आता काही पोचणार नाही." मग तिनं वर सरकवून माझा मेसेज वाचला. वाचून झाल्यावर तिनं फोन मांडीवर ठेवला.

"काका, असं का लिहिलंत?"

"चुकलंय का कुठं?"

"चुकलं नाही. पण बाप लेकीला असं लिहितो का? आपण, आपणास."

"सगळे असंच लिहितात, रुखसार. मला आलेले सगळे असेच हायेत."

तिनं डोळ्याला ओढणी लावली. "माझीच चूक. जे समोर येईल ते वाचा म्हणाले."

तिनं आपल्या फोनवरून मोहिनीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तीनदा लावला. "अनोळखी नंबर कोणी उचलत नाही आता," ती म्हणाली. "मीही नाही उचलत. दिवसभर तेच ते फोन." मग उठली, माझ्याबरोबर आमच्या खोलीवर आली, लताच्या पायाशी बसली आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "काका, दोन शब्द बोला. मी आवाज भरून पाठवते. आवाज ओळखेल ती. नुसतं मोहिनी म्हणा."

मी तोंड उघडलं. लताचा श्वास घरघरत होता. इतकी वर्षं काही झालं नव्हतं, आणि ती आता अशी पडली होती. मी शपथ मोडायची आणि हिला काही व्हायचं, असं मनात आलं आणि मी तोंड मिटलं. मी परत तोंड उघडलं. तेव्हा लतानं डावा हात उचलला आणि माझ्या ओठांवर ठेवला. गप्प राहा म्हणत होती की बोल म्हणत होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी गप्प राहिलो.

रुखसार म्हणाली, "मग काय करायचं, काका? तुम्हीच आहात हे तिला कसं कळणार?"

तेव्हा मला अंगठा आठवला.

सोसायटीच्या ऑफिसातून शिक्क्याचं पॅड आणलं. वहीचं कोरं पान घेतलं. डावा अंगठा शाईत बुडवला आणि पानावर उठवला. मधोमध पांढरी रेघ आली. रुखसारनं विचारलं, "खाली काही लिहू?" मी नको म्हणालो. तिनं फोटो काढला आणि आपल्या नंबरवरून पाठवला. तेव्हा बुधवारचे संध्याकाळचे सात वाजले होते. दोन खुणा आल्या. रुखसार जाईपर्यंत त्या निळ्या झाल्या नव्हत्या.

गुरुवारी उजाडता उजाडता मी बागेला पाणी सोडायला उठलो. लताच्या अंगावरची गोधडी नीट केली. तिनं बघितलं. मी म्हणालो, "नळी लावून येतो." नळी लावायला किती वेळ लागतो. परत आलो तेव्हा घरघर थांबली होती. मी तिचा हात धरला, तो अजून गरम होता. बटवा तिच्या मुठीत होता.

मी तिच्याजवळ बसून राहिलो. कोणाला हाक मारावी हे सुचेना. पाणी तसंच चालू राहिलं आणि वाहत गेटपर्यंत गेलं. पाणी बघून दुसरा राखणदार आला, मग वरच्या बाया आल्या.

आठच्या सुमाराला रुखसार धावत आली. चप्पलही घातली नव्हती. तिला काही माहीत नव्हतं. फोन पुढे करून दारातूनच ओरडली, "काका, मोहिनी! मोहिनी बोलते आहे!" मग तिला खोलीतल्या बाया दिसल्या आणि ती दारातच थांबली.

फोनमधून आवाज येत होता. "बा? बा, अंगठा तुझाच हाय ना? मी रात्रपाळीला होते, फोन बाहेर ठेवावा लागतो, आत्ता बघितला. बा, रेघ बघितली मी. आईला काय झालं? बा, बोल की. नको बोलूस, नुसता हं म्हण."

मी फोन कानाला लावला. शपथ ज्या बाईवर टांगली होती ती समोर निजली होती. मी शपथ पाळली होती आणि ती तरीही गेली होती.

"मोहिनी," मी म्हणालो. "आई गेली."

तिकडून जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही.

मोहिनी आता वापीला राहत होती, तिथून धरमपूर-पेठच्या रस्त्यानं दुपारी तीनला पोचली. मनोज बरोबर होता, आणि चार वर्षांची एक मुलगी, जिचं नाव मला तेव्हा कळलं. तृप्ती. आम्ही लताला मोहिनी येईपर्यंत ठेवलं होतं. मोहिनी आईच्या छातीवर डोकं ठेवून पडली. बायांनी तिला कितीतरी वेळानं उठवलं. लताच्या मुठीतला बटवा कोणालाच सोडवता आला नव्हता. मोहिनीनं हात लावला आणि बोटं उलगडून तो काढला. आतला कागद बघून ती माझ्याकडे वळली.

"हा मी गेले त्याच वर्षी पाठवलेला."

"मला आत्ता कळलं."

"आन तू लिहायला कधी शिकलास?"

"तू गेल्यावर."

"मला वाटलं चोर हायेत. बा मला आपण कशाला म्हणंल? आन बाला लिहिता कुठं येतं?" ती कपाळ बडवायला लागली. "मंगळवारीच निघाले असते रे. मंगळवारीच."

मनोजनं तिचे हात धरले. तिची चूक नव्हती. मंगळवारी मी तोंड उघडलं असतं तर कागदावरचे दहा आकडे पुरे होते.

दहाव्याला सगळे गावी गेलो. वत्सलाबाई आली होती. तिनं मोहिनीला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "माझा राजू कधीच लग्न करून मोकळा झाला. दोन पोरं हायेत त्याला. तूच तेवढा धरून बसलास." मी मान हलवली.

मोहिनी आता आठवड्यातून तीनदा फोन करते. आम्ही बोलतो. पण मी तिला लिहितोही. तिनं मला सांगितलं आहे, "बा, बोलतोस तसं लिही." पहिल्यांदा मला ते लिहिणं वाटेना. आता जमतं. आज भाजी वांग्याची केली. मीठ जास्त पडलं. तृप्तीचा खोकला गेला का. ती तिकडून लिहिते, "बा जेवलास का?" मी लिहितो, "हो जेवलो."

काल सकाळी बागेतून आलो तर फोनवर मेसेज आला होता. "प्रिय लताबाई, आपले अभिनंदन! आपली निवड झाली आहे. त्वरित संपर्क साधा." मी तो मोठ्यानं वाचला. खोलीत कोणी नव्हतं.

ओ दिल्याशिवाय राहू नये म्हणून मी खाली बसलो आणि उत्तर लिहिलं. ते जाणार नाही हे मला माहीत होतं. गेलंही नाही, परत आलं. मी ते वहीत उतरवून ठेवलं आहे.

लता घरी नाही. माझी बायको लताबाई देवराम भोये गुरुवारी, सहा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, सकाळी वारली.